मान डोलावली म्हणजे होकार नव्हे

अन्याय झाला तो माझ्या वडिलांवर. गेल्या मे महिन्यातल्या एका मंगळवारी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, भिवंडीजवळच्या मानकोली नाक्यावरच्या एका गॅरेजात. त्यांनी न दिलेला होकार तिथे त्यांच्या नावावर लावला गेला.

आमची गाडी जुनी आहे, सेकंडहँड घेतलेली, साधी, डिकीवाली. डिकीवाली हे महत्त्वाचं, कारण आई शेलार गावातल्या आमच्या घरी स्वयंपाक करते आणि मानकोलीच्या गोडाऊनमध्ये काम करणाऱ्या पोरांना डबे पुरवते. बाबा चालवायचे ते लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद झाल्यापासून डबे तेच पोचवतात. म्हणजे ही गाडी थांबली की आमची चूल थांबते. हौस वगैरे काही नाही.

म्हाताऱ्या गाडीला खर्च असतो, कोण नाही म्हणतंय? आमच्या रस्त्यांनी खालचे बुश खाल्ले, खड्ड्यात गेली की पुढून खटखट होते. एसीचा गॅस दर उन्हाळ्यात पळून जातो. क्लच इतका जड झाला होता की बाबा म्हणायचे, पायाची तालीम होते. मागची एक काच मधेच अडकते, ती दोन तळव्यांत धरून वर ओढावी लागते. हे सगळं आम्ही करत आलोय, कुरकुर न करता. पण त्या मंगळवारी नाक्यावरच्या जाममध्ये तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला आणि बोनेटमधून वाफ निघाली. बाबांनी लगेच गाडी बंद केली. नाक्यावरच्या पोरांनी ढकलून ती समोरच्याच गॅरेजात नेली. सोबत असलेली आई डबे घेऊन रिक्षानं पुढे गेली. बाबा गाडीपाशी एकटे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला गॅरेजवाल्याचा फोन आला.

“ताई, इंजिन उघडतोय आज. काकांनी हो बोललंय. आणि खर्चा जमत नसेल तर गाडी आपणच घेतो, गिऱ्हाईक हाय आपल्याकडे. त्याला पण काका हो बोलले.”

मी बाबांकडे बघितलं. ते चहा पीत होते. त्यांच्या समोर जाऊन, तोंड दाखवून विचारलं, “तुम्ही गाडी विकायला हो म्हणालात?”

“मी? मी कवा म्हटला?” कपातला चहा बशीत सांडला.

आता ही गोष्ट भिवंडीबाहेरच्यांना सांगावी लागते. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं लूमवर घालवली. लूमच्या खात्यात, यंत्रांच्या खडखडाटात, कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही. तिथे समोरच्याचे ओठ हलले की मान डोलवायची. त्याचा अर्थ ‘हो’ नसतो. त्याचा अर्थ असतो, ‘तू बोलतोयस हे मी बघितलं, शिफ्ट सुटल्यावर सांग.’ लूम गेले, कान गेले, मान तशीच राहिली. गॅरेजात कॉम्प्रेसर चालू होता, माणूस बोलत होता, बाबा डोलावत होते. झाला यांचा होकार!

मी पाण्यासाठी, रस्त्यासाठी पत्रकं वाटत हिंडणारी मुलगी. इतरांच्या दारात घोषणा देते, आणि माझ्या बापाची गाडी त्याच्याच मानेनं विकली जाते? मी आईला आणि बाबांना रिक्षात घातलं आणि थेट गॅरेज गाठलं.

बोनेट उघडं होतं. इंजिनाला अजून हात लागला नव्हता.

“काकाने खुद हां बोला,” मालक म्हणाला.

“तोंडानं?”

“अरे, गर्दन हिलाया ना. अजून काय पायजे?”

कॉम्प्रेसर घरघरत होता. मी बाबांच्या थोडी बाजूला उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, “बाबा, हे गॅरेज तुम्ही विकत घेताय ना?”

बाबांनी गंभीरपणे मान डोलावली.

“आणि मालकाला उद्यापासून डबे धुवायला ठेवायचं?”

पुन्हा मान. जरा जोरातच.

स्पॅनर हातात धरलेला कारागीर खाली बसून हसायला लागला. आई मालकाला म्हणाली, “चल, झाला सौदा. काकांनी हो म्हटलाय. चाव्या दे.”

मालकाच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तोही हसला. कॉम्प्रेसर बंद करायला लावला त्यानं. बाबांना काय चाललंय ते मी सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं, अख्ख्या गॅरेजला ऐकू जाईल असं सांगितलं: “गाडी इकायची न्हाय! इंजान उघडायचा न्हाय!” लूमवाल्यांचा आवाज तो. बाहेरचा रिक्षावालासुद्धा वळला.

“मग तापते कशानं?” मालकानं विचारलं.

“थांबली की तापते. चालली की न्हाय तापत,” आई म्हणाली. ती रोज बाजूच्या सीटवर बसते, काटा तिच्याही डोळ्यासमोर असतो. काल हे तिला कोणी विचारलंच नव्हतं.

“मग पंखा बघू,” मालक म्हणाला. पाणी भरलं, गाडी चालू केली, एसी लावला. काटा चढला, पण रेडिएटरचा पंखा हलेना. बॅटरीवरून थेट वायर जोडली तर भिरभिर फिरला. पंखा चांगला होता, त्याला चालू करणारा रिले मेला होता. काड्यापेटीपेक्षा छोटी वस्तू. त्यासाठी आमचं इंजिन उघडणार होते आणि गाडी गिऱ्हाइकाला देणार होते.

रिले बदलला. दुपारी त्याच नाक्यावर, त्याच जाममध्ये, कंटेनरांच्या मधे आम्ही अडकलो. तिघांचेही डोळे काट्यावर. काटा मधोमध येऊन थांबला आणि पुढून पंख्याचा आवाज सुरू झाला. “फिरतोय!” मी ओरडले. बाबांनी डॅशबोर्डवर तळवा ठेवला, त्यांना पंख्याची थरथर जाणवली, आणि त्यांनी जाममध्येच विजयाचा हॉर्न वाजवला. पुढच्या कंटेनरवाल्यानं शिवी दिली. बाबांनी त्याच्याकडे बघून मान डोलावली.

मी पत्रक काढलं. मथळा तोच, जो वर दिलाय. ते पहिलं चिकटलं त्याच गॅरेजाच्या भिंतीवर, आणि चिकटवलं मालकानंच. आता तो लूमवाल्या म्हाताऱ्यांना कॉम्प्रेसर बंद करून, समोर उभं राहून विचारतो. बाबा रोज तिथून जाताना हॉर्न देतात.

आता तुम्ही. तुमच्या घरात लूमवर कान घालवलेलं माणूस असेल तर त्याची मान होकार म्हणून कोणाला घेऊ देऊ नका, गॅरेजात नाही, दवाखान्यात नाही, जमिनीच्या व्यवहारात तर नाहीच. आजच घरी जा, पंखा, टीव्ही बंद करा, त्याच्या समोर बसा, काय ठरवायचं आहे ते विचारा, आणि उत्तर त्याच्या तोंडून ऐका.