रविवारच्या गणितवाल्या

नुसतं शाळेत गणित शिकवत होते, तोवर माझ्याकडे सांगण्यासारखं फार काही नव्हतं. मग रेणापूरला दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलेल्या बायकांसाठी रविवारी दुपारी शाळेतच वर्ग सुरू केला आणि किस्से इतके साचले, की आता कुणी चहाला भेटलं तरी एकावर भागत नाही. बायका सात. शाळा सुटून कुणाला पंधरा वर्षं झालेली, कुणाला चाळीस.

*

पहिल्या दिवशी एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश घेतलं. लसावि काढा, छेद समान करा, असं माझं नेहमीचं चालू. मागच्या बाकावर शहनाज आपा. त्या ब्लाउज शिवतात, गळ्यातली टेप वर्गातही काढत नाहीत. मी फळ्यावर तिसऱ्या पायरीला होते तेवढ्यात त्यांनी उत्तर सांगितलं, पाच षष्ठांश. कसं काढलं, विचारलं.

त्यांनी टेप बाकावर ताणली. "बारा इंच कपडा धरा म्याडम. निम्मा सहा, तिसरा हिस्सा चार. झाले दहा. बारातले दहा, म्हणजे सहातले पाच."

बाराच का धरले? तर म्हणाल्या, दोन्ही हिश्शांना नीट कापता आला पाहिजे ना.

बावीस वर्षं मी समान छेद शिकवत होते. दिसला त्या दिवशी.

*

वजा गुणिले वजा बरोबर अधिक. 'नियम आहे, पाठ करा' म्हणून मी पुढे जायची. महानंदा अडून बसली. ती आमच्याच शाळेत खिचडी शिजवते, माहेर किल्लारीकडचं, शाळेत असताना गणितात दोनदा नापास. हा नियम कुणी केला आणि का, असं तिचं म्हणणं. तास तसाच संपला.

पुढच्या रविवारी ती सांगतच आली. विहिरीचं पाणी रोज दोन हात उतरतंय, म्हणजे वजा दोन. तीन दिवसांनी सहा हात कमी होणार. आणि तीन दिवसांमागं, म्हणजे वजा तीन?

"सहा हात जास्तच होतं की म्याडम."

आठवडाभर खिचडी ढवळताना ती हेच करत राहिली होती. सातवीच्या पोरांना आता मी तिची विहीर शिकवते.

*

काशीबाई उदगीरच्या, साठीच्या. वर्गात तोंड उघडायच्या नाहीत. एकदा मी गंमत म्हणून सांगितलं, की एक, तीन, पाच, सात अशा विषम संख्या मिळवत गेलं की दर वेळी वर्गसंख्याच येते. चार, नऊ, सोळा.

काशीबाई उठल्या, खडू घेऊन खाली बसल्या. फरशीवर एक ठिपका दिला. त्याच्या शेजारी, खाली आणि कोपऱ्यात मिळून तीन. त्यांना दोन कडांनी पाच. मग सात. रांगोळीचा हात, एक ठिपका इकडचा तिकडे नाही. दर वेळी नवा चौकोन तयार. बायका बाकं सोडून भोवती उभ्या राहिल्या. मी एम.एस्सी. झालेली, पण हे मी सूत्रानंच शिकले होते.

सोमवारी शिपायानं सगळा वर्ग झाडला, तेवढे ठिपके सोडून.

*

निकालात सातपैकी सहा जणी पास झाल्या, महानंदा त्यातच. पण मला आठवतो तो परीक्षेआधीचा रविवार.

वयाचं उदाहरण होतं. आईचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे, बारा वर्षांनी दुप्पट होईल, तर आजची वयं काढा. मी महानंदाला फळ्यावर बोलावलं. तिची लेक अठराची, नांदेडला कॉलेजात, पहिल्या वर्षाला. ती स्वतः चौतीसची.

मुलगी क्ष, आई तीन क्ष. तिनं समीकरण मांडलं, कंस सोडवला, दोन क्ष इकडे आणताना चिन्ह बदलायला विसरली नाही. क्ष बरोबर बारा. मुलगी बारा वर्षांची, आई छत्तीस. ताळाही करून पाहिला, चोवीस आणि अठ्ठेचाळीस. एकही पायरी मला सांगावी लागली नाही.

मी म्हटलं, बस आता. ती बसली नाही. फळ्याच्या कोपऱ्यात छत्तीसमधून बारा वजा केले, चोवीस लिहिले आणि त्या आकड्याकडं बघत राहिली.

"लेक झाली तवा आई चोवीसची," ती म्हणाली. "शिकलेली असंल."