तियाम्साने ‘हो’ म्हटलं नाही

तोबा सरोवराच्या काठी, त्यातल्याच सामोसिर बेटावरच्या त्या गावात तियाम्साला कुणी धार्मिक बाई म्हणत नसे. ख्रिस्ती मंडळीच्या देवळात उपासनेला ती यायची, पण बसायची अगदी मागे, दाराजवळच्या बाकावर. तोंडात विडा असे आणि मधूनच उठून बाहेर पिंक टाकून यावं लागे. प्रार्थनेला डोळे मिटायची, पण कांद्याच्या रोपात कुणाची म्हैस शिरली की पहिली शिवी तिच्याच तोंडून बाहेर पडायची. डोंगरउतारावर तिचा कांद्याचा तुकडा होता, घराच्या ओसरीवर माग होता, आणि एकामागोमाग लग्नं करून बेटाबाहेर गेलेल्या मुली होत्या. मुलगा नव्हता.

मुलगा नाही म्हणूनच तिच्या नवऱ्याने, जाबांगुनने, दुसरी बायको आणली. तो प्रवासी बोट चालवायचा. पलीकडच्या काठावर, धक्क्याशी लास्माइदा कॉफी विकायची. बोट सुटायला वेळ असला की हा तिच्या टपरीवर बसायचा. एक दिवस तिला बोटीत घालून घेऊनच आला आणि गावाच्या वरच्या अंगाला, आपल्या बापाच्या जमिनीवर, तिचं घर मांडलं. तियाम्साच्या ओसरीवरून त्या घराचा धूर दिसायचा.

मंडळीने यादीतून जाबांगुन आणि लास्माइदा दोघांची नावं काढून टाकली. त्यांना प्रभुभोजन बंद झालं आणि घरी कुणी मेलं तर देवळाची घंटा वाजणार नाही, असं ठरलं. लास्माइदालाही मुलगा झाला नाही. मुलगीही नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, “देवाने बरोबर केलं.” तियाम्सा म्हणायची, “देवाला एवढाच उद्योग आहे का?” पण झऱ्यावर ती पाणी भरत असली की लास्माइदा वरच्या दगडाशी थांबायची, आणि तियाम्सा मुद्दाम हळूहळू हंडा घासायची.

जाबांगुन पोटाच्या दुखण्याने गेला. पश्चात्ताप केला नव्हता, म्हणून मंडळीचे पाळक आले नाहीत. माणसं शेजारी म्हणून जमली, मंडळी म्हणून नाही. गाणं न म्हणताच खड्डा बुजवला. एका बाजूला तियाम्सा उभी होती, दुसऱ्या बाजूला लास्माइदा.

मग एका वर्षी कापणीच्या दिवसांत लास्माइदाच्या घरातून धूर निघेना. तियाम्साने एक दिवस पाहिलं, दुसऱ्या दिवशीही पाहिलं. शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, “ऐकलंय, अंगावरून वारं गेलंय तिच्या. आम्ही बायकांनी प्रार्थना ठेवलीय तिच्यासाठी.”

“पाणी कोण देतंय तिला?”

“तसं कुणी... तिचं माहेर पलीकडे ना.”

तियाम्सा वर गेली. लास्माइदा चटईवर पडलेली, एक अंग लुळं, तोंड वाकडं, कपडे घाण झालेले. तियाम्साने पाणी तापवलं आणि तोंडाचा पट्टा सोडत तिला धुऊन काढलं. “माझा नवरा घेतलास, आता माझी पाठही घे. इकडे वळ. अगं वळ म्हणते ना.”

काही दिवस ती चढ चढून जात राहिली. मग पुतण्याला बोलावून तिने लास्माइदाला पाठीवरून खालीच आणवलं. थोरल्या मुलीचा फोन आला. “आई, गावभर काय बोलतात माहितीय का? तिला घरात घेतलंस?”

“माझे गुडघे दुखतात. दिवसातून दोनदा तो चढ कोण चढणार? तू येतेस?”

मुलीने फोन ठेवला.

लास्माइदाची वाचा हळूहळू परत आली, जड, लाळेत भिजलेली. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ती तियाम्साला “अक्कांग” म्हणाली.

“मी तुझी अक्कांग कधी झाले?”

“मग काय म्हणू?”

तियाम्साने विचार केला. दुसरं काही सुचलं नाही. “भात गीळ आधी,” ती म्हणाली.

त्याच वर्षी गावात नवे पाळक आले. तरुण, तळमळीचे. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि एका रविवारी त्यांनी त्यावरच संदेश दिला. खरा ख्रिस्ती कोण, हे पाहायला दूर जायला नको, ते म्हणाले, आपल्याच मंडळीत एक माउली आहे, जिने आपल्या वैरिणीला मनापासून क्षमा केली. सगळ्या माना मागे वळल्या. तियाम्साचा विडा तोंडातच राहिला.

उपासना सुटल्यावर तिने त्यांना दारातच गाठलं. “अमांग,” वडीलधाऱ्याला म्हणावं तसं ती म्हणाली, “मी क्षमा केली असं तुम्हाला कुणी सांगितलं?”

पाळक गोंधळले, आईला म्हणावं तसं तिला म्हणाले, “इनांग, तुम्ही तिचं सगळं करता, तिला न्हाऊ घालता...”

“घाण झाली की धुवावंच लागतं. क्षमा मी केलेली नाही. तिथे उभं राहून माझ्या नावावर खोटं सांगू नका.”

मंडळीतले ज्येष्ठ मारिहोत मध्ये पडले. “अगं, पाळक तुझं कौतुक करताहेत.”

“मग मी काय केलं तेवढंच सांगा. मनातलं कशाला सांगता?”

पुढच्या आठवड्यात पाळक तिच्या ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, “चुकलो मी.” तिने त्यांच्यापुढे कॉफी आणि उकडलेली रताळी ठेवली. आतून लास्माइदाने हाक मारली. तिला मंडळीत परत यायचं होतं.

त्याची रीत होती. सगळ्यांसमोर आपलं पाप कबूल करायचं, आणि जिचं वाईट केलं तिला पाळक विचारणार, तू क्षमा केलीस का. मारिहोत आदल्या दिवशी तियाम्साकडे आले.

“उद्या नुसतं ‘हो’ म्हण. तुझं काय जातं?”

“देवळात उभं राहून खोटं बोलू?”

“अगं, तिचंच भलं होईल.”

“तिचं भलं खोट्यावर टेकवायचं असेल तर तुम्हीच म्हणा ‘हो’.”

मारिहोत काळजीतच घरी गेले. तियाम्सालाही स्वस्थ वाटत नव्हतं. मागावर बसली तर धागा दोनदा तुटला. आत ती लास्माइदाला म्हणाली, “मी उद्या काय म्हणेन, मला माहीत नाही.”

“मला माहीत आहे,” लास्माइदा म्हणाली. “तरी मला ने.”

पुतण्याने तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आणलं. देऊळ भरलेलं होतं. लास्माइदा अडखळत बोलली, पण काही लपवलं नाही. दुसऱ्या बाईचा नवरा आहे हे ठाऊक असून मी आले, म्हणाली. झऱ्यावर थांबायचे तेव्हा मनात राग धरायचे, तेही म्हणाली. मग पाळकांनी तियाम्साकडे पाहिलं. “इनांग, तुमचं म्हणणं काय?”

तियाम्साने विडा आधीच थुंकून टाकला होता. “अजून नाही जमलेलं,” ती म्हणाली. “सकाळी भात शिजेपर्यंत राग गेलेला असतो, संध्याकाळी परत येतो. ते माझं दुखणं आहे, मी रोज देवापुढे मांडते. पण तिने जे केलं ते तिने सांगितलं. माझ्या पोटात राग आहे म्हणून तिला बाहेर ठेवायचं, हे मला पटत नाही. तिला आत घ्या.”

मारिहोत बुटांकडे बघत राहिले. मग पाळकांनी मंडळीला विचारलं आणि मागच्या बाकांवरून आधी बायका उठल्या, मग सगळेच उभे राहिले. प्रभुभोजनाच्या वेळी लास्माइदाला एका हाताने पेला उचलेना, तेव्हा तियाम्साने तो धरला आणि हनुवटीवर ओघळलेला द्राक्षरस आपल्या खांद्यावरच्या शालीने पुसला.

त्यानंतर दोघी बरेच दिवस एकत्र राहिल्या. भांडल्याही. जाबांगुन घोरायचा तेव्हा मासे बोटीखालून पळून जात असतील, असं एकदा लास्माइदा म्हणाली आणि तियाम्साला इतकं हसू आलं की तिला माग थांबवावा लागला. आपला राग कधी गेला, किंवा गेला की नाही, हे तिने कुणाला सांगितलं नाही, आणि पाळकांनीही पुन्हा विचारलं नाही.

लास्माइदा वारली तेव्हा घंटा वाजली. कुळातले पुरुष जमले. पुरायचं कुठे, यावर कुजबुज सुरू झाली. जाबांगुनच्या बाजूला जागा होती, पण तियाम्सासमोर ते बोलायला कुणी धजेना. शेवटी मारिहोत म्हणाले, “पलीकडे, तिच्या माहेरी न्यायचं का?”

“नवऱ्याशेजारी घाला,” तियाम्सा म्हणाली. “डाव्या हाताला. उजवी बाजू माझी आहे. मी आधी आलेय.”

एक-दोघे हसले. ती हसली नाही. पुरुष फावडी घेऊन डावीकडे खणायला लागले, आणि ती जमलेल्यांसाठी भात चढवायला घराकडे वळली.