वॉल्टरची एकच मॅच

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही — आणि ती तर त्या दिवशी हॉलमध्ये पहिल्याच रांगेत बसली होती. तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका.

इथे ऑस्ट्रेलियात, केलीव्हिलला, आमच्या शेजारी वॉल्टर राहायचे. मूळचे अमेरिकन, ऐंशी पार केलेले, बायको गेल्यापासून एकटे. तरुणपणी ते बेसबॉल खेळायचे — हौस म्हणून नव्हे, पगारावर. पन्नासच्या दशकात छोट्या गावांच्या टीम्सकडून, बसने हिंडत, कित्येक वर्षं त्यांनी बॉल टाकला. मोठ्या लीगचं बोलावणं आलं ते एकदाच. एक मॅच खेळले, खांदा गेला, संपलं. पण ते सांगताना चेहरा असा काही खुलायचा! एकच मॅच, पण ती त्यांची होती.

दर शनिवारी सकाळी समोरच्या पार्कमध्ये ते आपल्या मराठी मुलांना थ्रो शिकवायचे. मुलं त्यांना वॉल्टर अंकल म्हणायची. ते आठवडाभर त्या शनिवारची वाट बघत असत — आणि हे मला चांगलं माहीत होतं.

इथल्या मराठी मंडळाच्या क्रीडा दिनाला प्रमुख पाहुणे म्हणून मीच त्यांचं नाव सुचवलं. आपल्याकडे पाहुण्यांची ओळख कशी करून देतात, ठाऊक आहे ना? एका मॅचचा माणूस शाल-श्रीफळाला कमी पडेल असं मला वाटलं — की माझाच तोरा कमी पडणार होता? माइकवर ठोकून दिलं, इंग्रजीत, की यांनी मोठी लीग दहा वर्षं गाजवली. टाळ्या पडल्या.

वॉल्टर उठले, शाल सावरली आणि हसत म्हणाले, "नो, नो. जस्ट वन गेम."

कुजबुज सुरू झाली. अध्यक्ष माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा मी माइक घेतला आणि मराठीत म्हणालो, "वयोमानानं हल्ली त्यांना नीट आठवत नाही. समजून घ्या."

सगळ्यांनी माना हलवल्या. वॉल्टरना मराठी कुठे येत होतं? त्यांना वाटलं, मी कौतुक करतोय. त्यांनी मला थँक्यू म्हटलं.

पुढच्या शनिवारी मुलं कमी आली. मग यायचीच बंद झाली. विसरभोळ्या म्हाताऱ्याच्या भरवशावर मुलं कोण सोडणार? बॉलची बादली घेऊन ते बाकावर बसून राहायचे, आणि मी खिडकीच्या ब्लाइंड्सच्या फटीतून बघायचो. एकदा कुंपणापाशी त्यांनी विचारलंच — माझं काही चुकलं का? मी म्हटलं, "नो वरीज, किड्स आर बिझी."

मग पर्थहून त्यांची मुलगी आली. कुणीतरी तिच्याही कानावर घातलं होतं. डॅड खरंच विसरायला लागलेत का, असं तिनं मला विचारलं. नाही — एवढा एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "अ लिटल."

त्यांना केअर होममध्ये ठेवलं. मी एकदाच भेटायला गेलो. ते नर्सला आपल्या मॅचबद्दल सांगत होते, आणि ती लहान मुलाशी बोलावं तसं "येस, डार्लिंग" म्हणत उशी सारखी करत होती. मला बघताच त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "टेल हर, मेट. यू नो."

मी नर्सकडे बघून हसलो आणि म्हणालो, "येस, वॉल्टर." अगदी तिच्याच सुरात.

त्यांनी बोट खाली घेतलं.