बाप क्लास, पोरगा क्लास

हसायचं तर हसून घ्या बाप्पा, पण माझ्या एका पाठांतरापायी आमच्या घरची शेती वाटणीला निघाली होती!

तेव्हा मी बीसीएला होतो. आमगावहून रोज रेल्वेनं गोंदियाला जायचो. प्रोग्रामिंगचा पेपर तोंडावर आलेला, आणि त्यातलं 'इनहेरिटन्स', म्हणजे वारसा, डोक्यात शिरेना. एक क्लास, म्हणजे प्रोग्राममधला साचा, दुसऱ्या क्लासकडून सगळं घेतो म्हणजे काय? शेवटी युक्ती केली. मूळ क्लास म्हणजे बाप, त्यातून निघालेला क्लास म्हणजे पोरगा! आणि ओसरीत येरझाऱ्या घालत, घसा फाडून पाठ करत सुटलो.

"बापाचं ते पोराले आपोआप भेटते, मागा लागत नाही! बापानं प्रायव्हेट ठेवलं, तर पोराले हात लावता येत नाही! बापाचं काम पटलं नाही, तर पोरगा तेच काम आपल्या मनानं करते!"

आत बाबूजी जेवत होते. ते अर्ध्या ताटावरून उठले, हे मला कुठं माहीत?

दुसऱ्या दिवशी सकाळीच, बाबूजींच्या निरोपावरून, दवनीवाड्याचे मामाजी हजर!

"काऊन रे, बापाच्या जित्तेपणी वाटणी पायजे तुले?"

"कोणती वाटणी, मामाजी?"

"बापानं लपवून ठेवलं म्हणून वरडून राहिला होता ना?"

बाबूजी खाली मान घालून बोलले, "धानाची बांधी याच्या नावानं करून देतो. घरात झगडा नको."

अरे देवा! मी मधेच ओरडलो. "बाबूजी, ते कॉम्प्युटरचं होय! शेतीचं नाही!"

मग बसून सगळं समजावलं. बाबूजींचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! कौतुकानं जवळ सरकले. मी तिथंच थांबायचं ना?

"मंग बापाले पोराचं काय भेटते?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही," मी मोठ्या हुशारीनं बोललो. "पोराजवळ काय आहे, हे बापाले ठाऊकच नसते."

"असं का," म्हणून बाबूजी उठले, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि शेताकडे चालले गेले. मला हाक मारता आली नाही.

पेपरात नेमका तोच प्रश्न! लिहायला घेतलं, तर समोर बाबूजींची पाठ. 'बापाला काहीच नाही' ही ओळ लिहवेना, पुढचं काही सुचेना. नापास!

निकालाच्या दिवशी बाबूजींनी हळूच विचारलं, "कायच्यात गेला रे?"

कोणत्या तोंडानं सांगू?

"गणितात," म्हटलं.

बाबूजी आजही पाहुण्यांना सांगतात, "पोरगा कॉम्प्युटरमंधी लय हुशार. त्या गणितानं घात केला!"