अखिलाच्या रक्तातली सूज

शेषम्माची टाइपिंग इन्स्टिट्यूट बंद पडली आणि अखिला घरात आली, दोन्ही एकाच वर्षी. तंजावरच्या पोरी टाइपिंग सोडून कॉम्प्युटरच्या क्लासला पळाल्या. शेषम्माचा धाकटा भाऊ चिदंबर आणि त्याची बायको वासुकी त्याच कॉम्प्युटरच्या मागे चेन्नईला गेले, आणि शाळेतून आलेल्या पोरीकडे बघायला तिथं कोणी नाही म्हणून सहा वर्षांच्या लेकीला थोरल्या अक्काच्या ओटीत घालून मोकळे झाले. शेषम्माचं लग्न झालं नव्हतं. का झालं नाही, हे विचारणारी माणसंही आता उरली नव्हती. टाइपरायटरांवर तिनं जुनी लुगडी टाकली आणि स्वयंपाकघरात शिरली.

एकटीसाठी ती कधी धड रांधत नसे. ताकभात, लोणच्याची फोड, झालं. आता कढईला काम लागलं. अंबटभातावर तूप, बटाट्याचे काप, तळलेले अप्पळम पापड, चार वाजता मेदुवडे. शिवाय कोपऱ्यावर नवी बेकरी निघाली होती, तिथले पफ. पोर जेवायची आणि जेवता जेवता शाळेतलं अस्कं सांगायची. अस्कं म्हणजे सगळं. मराठा राजांच्या वेळेस इकडे आलेली मराठी या घरांत अशी अजून टिकून होती. घास संपला की अखिलाचं बोलणं संपे. म्हणून शेषम्मा आणखी एक वाढे.

नवव्या वर्षी अखिला जिना चढताना धापा टाकू लागली. मानेवर काळसर वळ उठला. शेषम्मा तो मळ समजून नारळाच्या शेंडीनं घासायची. गल्लीतल्या पोरी तिला "पूसणी" म्हणायच्या, म्हणजे भोपळा. पोंगलला चिदंबर आला तो लेकीकडे बघतच राहिला.

"अक्का, हिला काय खायला घालतीस गे? हत्ती पाळतीस काय देवळातला?"

"वाढतं अंग आहे रे. तूं काडी होतास, तेव्हां लोक मलाच नावं ठेवायचे."

"तें राहूं दे. हिचं रक्त तपासून घे. अस्कं तपास. कांहीं वाईट निघालं तर मी नेतों हिला."

शेषम्मानं आज-उद्या करत दोन महिने घालवले. तेवढ्यात पंगुनी महिन्याचं ऊन तापलं आणि अखिलाच्या अंगावर पुटकुळ्या उठल्या. बाहेर कोणी याला कांजिण्या म्हणोत, या गावात अम्मा, म्हणजे देवी, घरी आली म्हणतात. दारावर कडुनिंबाचा टाळा लागला. कढई पालथी पडली, कारण अम्मा घरात असताना फोडणी चरचरत नाही. औषध नाही, पाहुणा नाही, फोन नाही. चिदंबरलाही कळवलं नाही. कडुनिंबाचं तिसरं पाणी अंगावर घालून अम्माची पाठवणी झाली. चेहऱ्यावरचे डाग हळदीच्या लेपाखाली झाकले गेले. पाठीवरची एक पुटकुळी तेवढी पोरीनं खाजवून पिकवली होती.

त्याच आठवड्यात शेषम्मा तिला डॉक्टर वेंकटरमणांकडे घेऊन गेली. चिदंबरचा फोनवर तगादा होता. डॉक्टरांनी झग्यावरूनच छाती तपासली, वजन केलं, मानेचा वळ पाहिला आणि विचारलं, "गेल्या महिन्यात काही आजार? ताप, जखम?"

"काही नाही, सार," शेषम्मा म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. अम्माला आजार म्हणायला तिची जीभ धजलीच नसती.

रक्त चेन्नईला गेलं. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी चष्मा वर केला.

"साखर काठावर आहे. पण हे सीआरपी बघा. शरीरात कुठं सूज असली की यकृत हे रक्तात सोडतं. चरबी नुसती अंगावर बसून राहत नाही, अम्मा, ती आतून सूज धरायला लावते. जाड मुलांत हे थोडं वाढलेलं सापडतं. थोडं! हे भलतंच आहे. सांधे, हृदय, सगळं मोठ्या हॉस्पिटलात बघायला हवं."

संध्याकाळी चिदंबरचा फोन आला. "रविवारीं येतों. सामान बांध तिचं."

शेषम्माला झोप कसली येते. दुसऱ्या दिवशी पोरीला शाळेत सोडून ती एकटीच दवाखान्यात जाऊन बसली.

"सार, ही सूज कशानं कशानं येते?"

"तेच तर तुम्हाला विचारलं होतं. ताप येऊन गेला, जखम पिकली, तरी आकडा चढतो."

शेषम्मा पदराचं टोक पिळत राहिली. मग हळूच म्हणाली, "आमच्या घरी अम्मा आली होती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कधी?"

"रक्त द्यायच्या आधी. पाठीवर एक पिकलेलंही आहे."

"आणि मी विचारलं तेव्हा काही नाही म्हणालात!"

"तो आजार कुठं, सार?"

डॉक्टर ओरडणार होते, पण हसले. "माझी आईसुद्धा हेच म्हणाली असती. जा. पाठ दाखवायला आणा पोरीला. आणि सहा आठवड्यांनी परत रक्त घेऊ."

ते आठवडे शेषम्मानं कोवळ्या आशेवर काढले. चिदंबरला थांबवून धरलं. अम्मानं चढवलेलं अम्माच उतरवील, ही तिची खात्री. खात्री होती म्हणून वडेही थांबले नाहीत.

दुसरा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"बघा, किती उतरलं! अम्मा आली तेव्हाचं होतं ते गेलं." शेषम्माचे हात आपोआप जोडले गेले. "पण हे उरलंय ना, हे ठरलेल्या रेषेच्या वरच आहे. हे वजनाचं. याला ताप नाही, दुखणं नाही. वर्षानुवर्षं असंच धुमसतं आणि रक्तवाहिन्या खराब करतं."

"याला पाणी कधी घालायचं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"याला तसं काही नाही, अम्मा. तळलेलं बंद, गोड बंद. रोज धावायचं, दम लागेपर्यंत खेळायचं. खेळायला कोण आहे तिच्याबरोबर?"

"मी आहे."

डॉक्टरांनी तिच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

चिदंबरचा फोन ती घरी पोचायच्या आतच वाजत होता.

"काय झालं, अक्का?"

"उतरलं."

"उतरलं? देव पावला! मग राहूं दे तिला तिकडंच. वासुकीला पण आतां शिफ्ट लागली आहे, इथं कोण बघणार..."

एवढंच हवं होतं तिला. रिसीव्हर कानाशी धरून ती खिडकीपाशी आली. खाली पोरी दोरीवरच्या उड्या मारत होत्या. अखिलाही होती त्यांच्यात. तिला दोरीचं टोक धरून फिरवायला उभं केलं होतं. दोरी एका हातानं फिरत होती, दुसऱ्या हातात पफ होता. तिची पाळी येत नव्हती, आणि ती मागतही नव्हती.

"अक्का? ऐकतीस कां?"

"चिदंबरा, उतरलं, पण गेलं नाही. उरलेलं आहे तें माझ्या हातचं आहे. ने तिला."

"असं काय बोलतीस?"

"तुझ्या बिल्डिंगीत पोरं आहेत म्हणालास ना? मैदान आहे म्हणालास. संध्याकाळीं बघायला एक बाई ठेव. तळणारी ठेवूं नको."

"तूं एकटी राहशील?"

"एकटी कशी? अस्के आहेत कीं इथं," शेषम्मा म्हणाली. अस्के म्हणजे कोण, हे त्यानं विचारलं नाही.

दिवे लागल्यावर तिनं अखिलाला सांगितलं. पोर भिंतीला टेकून ऐकत होती.

"तूं येणार, आत्या?"

"मी आलें तर परत तूप वाढीन."

"मग जेवताना मी कोणाशीं बोलूं?"

असा प्रश्न आला की शेषम्मा आजवर उठून काहीतरी तळायला जायची. आज ती उठली नाही. अखिला तिच्याजवळ सरकली, आणि दोघी ताटाशिवाय तशाच बसून राहिल्या.