कोरिनचे सेहेचाळीस तास

कोरिन हेफ्लिन वाईट मुलगी नव्हती, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकल्यावर लोकांना ते पटत नाही. नेब्रास्कात कॉलेजला असताना ती, मॅरेन लिंडग्रेन आणि मी एका भाड्याच्या घरात राहायचो. कोरिनला डॉक्टर व्हायचं होतं. पहिल्या वर्षी तिला सात-आठ मैत्रिणी होत्या. दुसऱ्या वर्षी सेंद्रिय रसायनशास्त्र आलं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत एकटी मॅरेन उरली. मी होते, पण टोमणे मारण्यापुरती.

त्या वर्गात मार्क एकमेकांच्या तुलनेत मिळायचे. शेजारणीला वही दिली की आपलीच श्रेणी खाली. असल्या वर्गात माणूस मैत्री कसली टिकवणार? तरी कोरिन धडपडायची. तिच्या वेळापत्रकात आमच्यासाठी पिवळा रंग होता, गुरुवारी सहा ते पावणेसात.

"आज आम्ही पिवळ्यात आहोत का गं?" मी विचारायची.

"आहात. पण खाणं लवकर उरका."

"हिला छळू नकोस," मॅरेन मला दटावायची. "येते ना बिचारी, तेवढं पुरे."

तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात मॅरेनच्या आईला कॅन्सर निघाला. गावातल्या ज्या इस्पितळात तिला ठेवलं, तिथेच कोरिन दर शनिवारी रुग्णसेवेला जायची. पाणी द्यायचं, पांघरुणं बदलायची, असली कामं. काम संपलं की ती मॅरेनच्या आईच्या खोलीत जाऊन बसायची. दोघी टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धा बघत आणि कोण हरणार यावर भांडत. कोरिन बाईंच्या पायांना मलम चोळायची. "आली माझी डॉक्टरीण," म्हणत बाई उठून बसायच्या. ते पाहून मला माझ्या टोमण्यांची लाज वाटली. मी ते बंद केले.

मार्चमध्ये बाई गेल्या. दुसऱ्या दिवशी पेपर असूनही कोरिन अंत्यविधीला आली. नंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, तिथेही थांबली. मॅरेन तिच्या गळ्यात पडून रडली. सख्ख्या बहिणीसाठी कोणी काय वेगळं करतं?

मे महिन्यात वैद्यकीय महाविद्यालयांचे अर्ज निघाले. कुठे, कोणाची, किती तास सेवा केली, सगळं लिहायचं असतं. मॅरेनची भाषा चांगली, म्हणून कोरिनने एका सकाळी कागद तिच्यापुढे ठेवले आणि शेजारी बसून टोस्टला लोणी लावू लागली. मी अंडी तळत होते.

मॅरेन वाचता वाचता थांबली.

"'मरणासन्न रुग्णाची सोबत, सेहेचाळीस तास.' ही माझी आई?"

"नाव नाही टाकलं गं मी. टाकायची परवानगीच नसते."

मॅरेनने खालची तारखांची यादी बोटाने धरून वाचली. शेवटच्या तारखेवर बोट अडलं. "चोवीस मार्च, दोन तास. कोरिन, त्या दिवशी तर आईला पुरलं."

कोरिनचा चेहरा उतरला. "मी बसायचे ती खरंच त्यांच्यासाठी, मॅरेन."

"मग लिहून कशाला ठेवलंस?"

"मी सगळंच लिहून ठेवते. सवय लागलीय." ती रडायला लागली. "आता मलाच कळत नाही, कुठला तास कशासाठी होता."

मी मध्ये पडायला हवं होतं, पण मी अंडीच उलटत राहिले. मॅरेनने पेन उचललं, दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले, एक चुकलेला शब्द सुधारला. भांडली असती तर बरं झालं असतं.

"आणि दोन नाही, अडीच तास," ती म्हणाली. "जेवणानंतर तू कप विसळायला थांबली होतीस."

ती आत गेली. थोड्या वेळाने पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज आला. त्याच आठवड्यात ती मावशीकडे राहायला गेली. पुढे कोरिनचा एकही फोन तिने उचलला नाही.

त्या सकाळी मॅरेन आत गेल्यावर कोरिन टेबलाशीच बसून होती. मग तिने डोळे पुसले आणि संगणक उघडला. ती ओळ काढून टाकणार, असं मला वाटलं. जरा हायसंही वाटलं. मी तिच्या खुर्चीमागे जाऊन पाहिलं.

तिने दोनचे अडीच केले होते.