अर्ध्या बंदुकीची तक्रार

शेजारच्या सुभेदारांनी माझ्यावर बंदूक रोखली, असा दोन पानी तक्रारअर्ज मी पोलीस ठाण्यात दिला, आणि ती बंदूक त्या वेळी अर्धीच होती. उरलेली अर्धी, म्हणजे दस्ता, घोडे आणि चाप, त्यांच्या मागे पोत्यावर पडली होती. नुसत्या नळ्यांनी त्यांना फार तर मला ढोसता आलं असतं, तेही मधली भिंत ओलांडून आल्यावर. पण हे मला नंतर कळलं. अर्ज करण्याआधी कळण्याची सवय मला पहिल्यापासूनच नाही.

तर हे सुभेदार. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून त्यांच्याइतका स्वच्छ माणूस झालेला नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगतो, फक्त तो हात त्यांनी आधी तपासलेला असला पाहिजे. मूळचे वडूजकडचे. फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्यात आमच्या कॉलनीत घर बांधून राहिले होते. मी सांगलीचा, पाटबंधारे खात्यात कारकून, बदलीवर आलेला आणि त्यांच्या शेजारी पडलेला. पहिल्याच दिवशी मी नमस्कार केला तर त्यांनी माझे जोडलेले हात निरखून म्हटलं, "भाऊसाहेब, नखं." शेवग्याच्या शेंगा ते झाडावर असतानाच पुसत. सायकलच्या तारा एकेक करून पुसत, आणि मध्ये कुणी बोलायला आलं तर कितवी तार झाली ते विसरून पहिल्यापासून सुरू करत. एकदा आमच्याकडे चहाला आले असताना त्यांनी किटलीच्या तोंडात डोकावून पाहिलं, खिशातून फडक्याची चिंदी काढली, ती सुतळीला बांधून तोंडातून ओढली, आणि आमच्या लग्नापासूनचा चहा बशीत काढून दाखवला. बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. किटली तिची होती, पण ते असो.

या सगळ्या स्वच्छतेचं मूळ होतं त्यांची बारा बोअरची दुनळी. गावाकडे शाळवाच्या पिकात रानडुकरं शिरतात म्हणून तिचा परवाना काढलेला. डुकरं किती मारली, असं मी विचारल्यावर म्हणाले, "एक बी न्हाई. बार काढला की नळी खराब हुती." दर रविवारी सकाळी, सगळी कॉलनी टीव्हीसमोर असायची तेव्हा, ते ओट्यावर पोतं अंथरत, शिलाई मशीनच्या तेलाची बुधली, गज आणि चिंद्या ओळीनं मांडत आणि बंदूक उघडत. यावर कॉलनीची बैठक भरली. बायकामाणसं येतात-जातात, हे काम घरात करावं, असं ठरलं. सुभेदारांनी मुकाट्यानं दार लावून घेतलं. मग तर कुणाच्या जिवाला थाराच उरला नाही. ओट्यावर होते तेव्हा निदान नळीचं तोंड कुठे आहे ते दिसत तरी होतं. बंद दाराआड काय चाललंय कुणी सांगावं? समोरच्या काकू एका रविवारी तीनदा विरजण मागायला जाऊन आल्या. पुन्हा बैठक भरली. दार बंद, पण खिडकी उघडी ठेवावी, असा मध्यम मार्ग निघाला. तो मीच सुचवला होता. आणि ती खिडकी बरोबर आमच्या स्वयंपाकघरासमोर उघडत होती.

घट बसले त्या दिवशीची गोष्ट. खंडेनवमीच्या पूजेसाठी त्यांनी बंदूक आधीपासूनच साफ करायला घेतली होती. आदल्या दिवशी मी त्यांच्या शेवग्याची आमच्याकडे आलेली फांदी न विचारता तोडलेली, त्यामुळे मनात चोर होताच. सकाळी पोळीचा घास तोंडात घालतो तोच समोर पाहतो, तर खिडकीत सुभेदार, एक डोळा मिटलेला, दुसरा नळीला लावलेला आणि नळीचं तोंड थेट माझ्याकडे. मी घासासकट जमिनीवर आडवा झालो.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"बंदूक!"

ती लाटणं हातात घेऊन सरळ खिडकीत जाऊन उभी राहिली. "अहो, ते नळी बघताहेत. उजेडाकडं धरून. आपली ट्यूब लागलीय ना."

मी ऐकलं नाही. सरपटतच कपाटापर्यंत गेलो आणि कागद काढला. अर्ज लिहायला बसलो की मला आवरत नाही. 'जीवितास धोका' तीनदा लिहिलं, कलेक्टरांसाठी प्रत जोडली. दुपारी दोन शिपाई आले आणि बंदूक घेऊन गेले. परवाना रद्द करायचा की नाही, ते चौकशीनंतर ठरणार होतं.

पुढच्या रविवारी उघड्या खिडकीतून पाहिलं, तर सुभेदारांनी पोतं अंथरलं होतं, तेल, गज, चिंद्या ओळीनं मांडल्या होत्या, आणि त्या पोत्यासमोर नुसतेच मांडीवर हात ठेवून बसले होते. त्यांच्या मंडळी भिंतीवरून आमच्या हिला म्हणाल्या, "घर बांधल्यापासनं दर खंडेनवमीला हळदकुंकू लावतीय तिला. औंदा पाटावर काय ठिवू, बाई?" हिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी चप्पल घालूनच तो दिवस काढला.

चौकशी अष्टमीला होती. निम्मी कॉलनी ठाण्यात जमली. फौजदारांनी बंदूक टेबलावर ठेवली. "सुभेदार, यांच्यावर रोखली होती का?"

सुभेदारांनी बंदूक उघडली, तीन तुकडे करून टेबलावर मांडले. नळ्या, नळ्यांखालचं लाकूड, दस्ता. नळ्या उचलून म्हणाले, "साहेब, ह्येवढंच हातात हुतं. आता ह्येनं मानूस कसा मारायचा, तुमी सांगा." मग त्यांचं लक्ष नळीवर गेलं आणि चेहरा उतरला. "हिला वल्या हातानं कुनी धरलं?" एक शिपाई हात पाठीमागे घेऊन उभा राहिला.

"आमच्या ठाण्यात हत्यारं नीट ठेवतात," फौजदार जरा ताठ होत म्हणाले.

"व्हय? मग आना की एक."

एक रायफल आली. सुभेदारांनी ती उघडून आधी रिकामी असल्याची खात्री केली, चिंदी घातली, ओढली. आतून कुंभारीण माशीचं मातीचं घर बाहेर पडलं, अख्खं. ठाण्यात कुणाला हसू आवरेना. ज्यांनी आवरलं ते सगळे गणवेशात होते. मग सुभेदारांनी स्वतःच्या नळ्या पुसल्या आणि माझ्या हातात दिल्या. "भाऊसाहेब, आता बगा."

मी डोळा लावला. काय सांगू! आत चांदीची वर्तुळं एकामागून एक लांबवर गेलेली. इतका भारावलो, की उजेड शोधत हळूहळू वळलो. उजेड ज्या खिडकीतून येत होता, तिच्यापुढे फौजदार बसले होते.

नळीच्या पलीकडच्या टोकाला त्यांची मिशी दिसली. ते म्हणाले, "आता मी कुणाकडं अर्ज करू?"

परवाना कायम ठेवावा, असा शेरा फौजदारांनी जागेवरच मारला. त्याच टेबलावर मी तक्रार मागे घेतल्याचं लिहून दिलं, आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्या पानात. बंदूक रिक्षातून आली, पुढे सायकली, मागे आम्ही, आणि समोरच्या काकू आरतीचं ताट घेऊन फाटकात. खंडेनवमीला कॉलनीतल्या झाडून सगळ्या विळ्या, कात्र्या, अडकित्ते, एक शिलाई मशीन आणि ठाण्यातल्या सात रायफली, शिपायांसकट, सुभेदारांच्या ओट्यावर रांगेत आल्या. ओट्यावर, उघड्यावर. बैठक भरवायची कुणाची छाती झाली नाही. सुभेदार एकेक पुसत होते आणि त्या शिपायाला सांगत होते, "आदी हात कोरडा कर रं, गड्या."

आता ते गावाकडे असतात. त्यांच्या घरात भाडेकरू आलेत, भली माणसं आहेत, समोरच्या खिडकीला त्यांनी जाड पडदा लावलाय. रविवारी सकाळी मी अजूनही स्वयंपाकघरातली ट्यूब लावतो. उजेड भरपूर असतो, तरी लावतो.

जाण्याआधी परवान्याच्या नूतनीकरणाचा कागद घेऊन ते माझ्याकडे आले होते. शेजाऱ्याची हरकत नाही, अशी सही हवी होती. अख्खी कॉलनी सोडून ते माझ्याकडे आले, माझा ऊर भरून आला. सही केली, खाली एक रेघही ओढली, आणि न राहवून म्हणालो, "सुभेदार, एवढं होऊनसुद्धा तुम्हाला माझीच सही घ्यावीशी वाटली!"

"फौजदारानंच सांगितलं," कागदावर फुंकर मारत ते म्हणाले. "म्हनालं, गल्लीत सगळ्यात भित्रा कोन हाय, त्याची आना. त्याला चालतंय म्हंजी समद्यांस्नी चालतंय."